रुगर मार्क ४ : अडकतं कुठे आणि का

अमेरिकेत .२२ चं (सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीचं) पहिलं पिस्तूल घ्यायला गेलात तर दुकानदार रुगर मार्क ४ दाखवणारच. २०१६ साली आलेलं हे पिस्तूल १९४९ च्या रुगर स्टँडर्डचं थेट वारस आहे. तोच गोल रिसीव्हर, म्हणजे नळीमागचं नळकांडं, आत मागे-पुढे सरकून काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट आणि दहा काडतुसांचं मॅगझिन. साडेपाच इंची जाड नळीच्या टार्गेट मॉडेलच्या अचूकतेत नाव ठेवायला जागा नाही. पण पैसे वसूल होतात ते मागच्या एका बटणामुळे. पिस्तूल रिकामं करून घोडा चढवायचा, सेफ्टी लावायची आणि बटण दाबायचं, की वरचा भाग उचलून हातात येतो. आधीचं मार्क ३ उघडून परत जोडताना लोक रडकुंडीला यायचे, म्हणून साफसफाई टळायची आणि पिस्तूल अडकायचं.

.२२ ची शिशाची गोळी बाहेरून मेणचट असते. मेण, काजळी आणि शिसं मिळून चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेच्या, तोंडाशी थर जमतो. अर्ध्याअधिक तक्रारींचं मूळ तिथेच.

चाप ओढून नुसता ‘टक’ आवाज आला तर नळी ३० सेकंद निशाण्याकडेच धरा, कारण बार उशिरा उडू शकतो. मग मॅगझिन काढा, बोल्ट ओढून काडतूस बाहेर घ्या आणि त्याची कड बघा. खोल, स्वच्छ खूण असेल तर दोष काडतुसाचा. खूण उथळ असेल तर बोल्ट पूर्ण मिटत नाही किंवा काडतुसाच्या कडेवर ठोका मारणाऱ्या फायरिंग पिनच्या खोबणीत घाण आहे. घोडा पडतच नसेल तर मॅगझिन नीट बसलंय का ते आधी बघा. मॅगझिन नसताना हे पिस्तूल मुद्दामच उडत नाही. ही सोय आम्हाला आवडत नाही, चाप तिच्यापायी थोडा खडबडीत ओढला जातो. बार उडाला, पण आवाज फुसका आला, तर पुढची गोळी अजिबात मारू नका. पिस्तूल रिकामं करून नळीत गोळी अडकलीय का ते गज घालून तपासा.

उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडताना बोल्टमध्ये उभी अडकली, तर बहुतेक वेळा दारू कमी पडलेली असते आणि बोल्ट पूर्ण मागे जात नाही. ४० ग्रेन वजनाच्या गोळीचं, सेकंदाला १२३५ फूट वेगाचं सीसीआय मिनी-मॅग हे काडतूस वापरून बघा. त्याने अडकणं थांबलं तर पिस्तूल निर्दोष.

पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि मागचं काडतूस तिच्यावर आदळलं, तर मात्र एक्स्ट्रॅक्टर बघावा लागतो. पुंगळी कडेला धरून बाहेर ओढणारी, बोल्टच्या उजव्या बाजूची ही छोटी नखी. तिच्याखाली काजळी साचली की कडेवरची पकड सुटते. बारीक स्क्रूड्रायव्हरने प्लंजर (नखी दाबून धरणारी छोटी दांडी) मागे ढकला, नखी सुटते. मागची स्प्रिंग चिमुकली असते आणि उडते, म्हणून हे काम पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून करा. चेंबरला .२२ चा ब्राँझ ब्रश मारा आणि चेंबर कोरडाच ठेवा. तेल हवं ते बोल्टच्या घासणाऱ्या जागी, तेही एखादा थेंब. जास्त तेल काजळी धरून ठेवतं. व्होल्क्वार्ट्सन कंपनीचा एक्स्ट्रॅक्टर बसतो आणि चांगलाही आहे, पण आधी साफ करा, मग खिशात हात घाला.

काडतूस नाक खाली घालून अडकत असेल तर भरण्याची पद्धत चुकतेय. मॅगझिनचं बटण एकदम तळापर्यंत ओढलं की काडतुसं आत आडवीतिडवी होतात. दर काडतुसाला जेमतेम जागा होईल इतकंच ओढा, आणि वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे राहू द्या.

बोल्ट सोडवलात तर फायरिंग पिन स्टॉप ही आडवी पिन परत बसवायला विसरू नका. ती असेल तर रिकामा चाप ओढायला हरकत नाही. नसेल तर फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आदळते, काठाला खाचा पडतात, आणि मग कितीही साफ केलं तरी काडतूस नीट बसत नाही.

वापरलेलं मार्क ४ घेणार असाल तर क्रमांक बघा. १ जून २०१७ आधीची, ४०१ किंवा डब्ल्यूबीआरने सुरू होणारी पिस्तुलं रुगरने परत बोलावली होती. सेफ्टी अधल्यामधल्या जागी असताना चाप ओढला गेला, तर नंतर सेफ्टी ‘फायर’वर नेताना पिस्तूल उडू शकत होतं. दुरुस्ती झाल्याची खात्री करूनच पैसे द्या.