बियाची उगवण पाहिली, जात पाहिली नाही: उन्हाळ उळ्यात 33,600 रुपयांना फसलो

आठ किलो उळे, म्हणजे कांद्याचे बी, तेही उन्हाळ (रब्बी) कांद्याचे म्हणून घेतलेले. किलोला 4,200 रुपये, एकूण 33,600. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण गावात विचारणाऱ्या प्रत्येकाला दोन महिने मी तो कमी करून सांगत होतो. लाज वाटत होती. दरवर्षी घरचे उळे करणारा माणूस फाट्यावर उभा राहून परक्याकडून बी घेतो आणि फसतो, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? पण परतीचा पाऊस पुन्हा लांबला की असे बी विकणारी हीच माणसे पुन्हा पिशव्या घेऊन फिरणार आहेत, म्हणून लिहितो आहे.

बोगस बियाण्याचे प्रकार कसे चालतात ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. न उगवणारे बी, मुदत संपलेले बी, रंग लावलेले बी. माझ्या बाबतीत यातले काहीच नव्हते. बी ताजे होते आणि छान उगवले. म्हणूनच फसलो.

2020 चा ऑक्टोबर आठवा. 2019 च्या अवकाळीनंतर कांद्याला भाव आला, तेव्हा आमच्या कसमाद्यात (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) अनेकांनी बी धरण्यासाठी गोट म्हणून लावायचा कांदाही बाजारात नेला. त्यामुळे 2020 ला बी मुळातच कमी. त्यात पोळ (खरीप) कांद्याची रोपे पावसाने गेली, लोकांनी दुबार उळे टाकले आणि उरलेसुरले बीही संपले. 29 ऑक्टोबरला तर केंद्राने कांदा बियाण्याच्या निर्यातीवर बंदी घातली, इतकी ओढाताण होती. मी 28 सप्टेंबरला घरचे साडेसात किलो उळे चार गुंठ्यांवर टाकले होते. ऑक्टोबरच्या मध्यात सलग पाऊस झाला, वाफ्यांत पाणी तुंबले आणि आठ दिवसांत मर रोग लागून रोप जमिनीलगत बसले. वरच्या अंगाचे दोन वाफे तेवढे वाचले.

इथेच एक सांगतो. माझे गादीवाफे जेमतेम चार बोटे उंच होते. काळ्या जमिनीत आणि अशा सालात गादी किमान 15 सेंटिमीटर हवी, 20 असेल तर उत्तम. रुंदी एक मीटर, आणि दोन गाद्यांमधल्या चरीचे तोंड शेताबाहेर उघडे. बी फोकून टाकू नका, 5 ते 7 सेंटिमीटरवर रेघा ओढून एक-दीड सेंटिमीटर खोल टाका. फोकलेल्या दाट रोपात हवा खेळत नाही आणि मर एका ठिगळातून सगळ्या वाफ्यात जाते. किलोला 3 ग्रॅम थायरम चोळल्याशिवाय बी जमिनीत घालू नका. मरीचे पहिले ठिगळ दिसले की त्याच दिवशी 10 लिटर पाण्यात 30 ग्रॅम कॉपर ऑक्झिक्लोराइड घेऊन आळवणी करा. पिवळे पडले म्हणून युरिया फेकू नका, रोप आणखी कोवळे होऊन लवकर बसते. हे सगळे मला माहीत होते. मी ते पूर्ण केले असते तर परक्या बी विकणाऱ्यासमोर उभे राहायची वेळच आली नसती. हा दोष माझा, मान्य आहे.

पण पुढचे सगळे माझ्या माथी मारू नका. दोन एकर रान तयार, रोप गेलेले, दुकानात बी नाही, आणि हंगाम थांबत नाही. उन्हाळ कांद्याचे रोप तयार व्हायला 50 ते 55 दिवस लागतात. नोव्हेंबरचा पहिला आठवडा ओलांडला की लागवड जानेवारीत जाते आणि कांदा एप्रिल-मेच्या उन्हात पोसायला सापडतो, आकार धरत नाही. असा पेचात सापडलेला माणूस त्या लोकांना बरोबर ओळखू येतो.

ओळखीच्या एकाने नंबर दिला. फोनवर सांगितले गेले, "उन्हाळ गावठी आहे भाऊ, घरच्या गोटाचे. आठच किलो राहिलेय." 5,000 रुपये फोनवरून आगाऊ घेतले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, 26 ऑक्टोबरला, संध्याकाळी फाट्यावर माल दिला आणि 28,600 रोख घेतले. तीन किलो सीलबंद पाकिटांत, पाच किलो कापडी पिशवीत सुटे.

आता तो क्षण, जो अजून झोपू देत नाही. पाकिटावर हिरवे लेबल होते. त्यावर जात लिहिलेली, वजन छापलेले, लॉट नंबरची जागा कोरी आणि मुदत पेनाने लिहिलेली. मी विचारले, "लॉट नंबर कुठेय?" तो म्हणाला, "घरच्या बियाला कसला लॉट नंबर?" आणि मी गप्प बसलो. अरे, घरचे बी असेल तर लेबल कशाला? आणि लेबल लावले असेल तर लॉट नंबर का नाही? दोन्ही एकदम खरे असूच शकत नाही. त्याचे खोटे त्याच्याच तोंडून बाहेर पडले होते, माझ्या हातात पाकीट होते, पैसे अजून खिशात होते. पाऊस भुरभुरत होता, अंधार पडत होता, मागे अजून दोघे गिऱ्हाईक मोटारसायकलवर थांबले होते. मी पैसे मोजून दिले.

बिल मागितले तर कोऱ्या कागदावर "कांदा बी 8 किलो" एवढे लिहून दिले. ना नाव, ना परवाना क्रमांक, ना रक्कम.

घरी आल्यावर शहाणपणा सुचला तो उगवण तपासायचा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, बाराव्या दिवशी 82 मोजले. कांद्याला कायद्याने किमान 70 टक्के उगवण लागते, म्हणजे माल चोख. मी निर्धास्त झालो. खरे तर बी तोवर वाफ्यात पडलेलेच होते, 28 ऑक्टोबरला. उगवण चाचणी फक्त बी जिवंत आहे का ते सांगते. ते पोळ आहे, रांगडा (उशिरा खरीप) आहे की उन्हाळ आहे, हे ती कधीच सांगत नाही. कांद्याचे सगळे बी काळेच दिसते. रोपातही आपल्यासारख्याला फरक कळत नाही. कळते ते फेब्रुवारीत.

यामागचा हिशेब असा आहे. पोळ-रांगड्याचे उरलेले बी ऑक्टोबरात कोणी घेत नाही, आणि कांद्याचे बी वर्षभरात जोम गमावते, पुढच्या हंगामापर्यंत धरून चालत नाही. मग तेच बी उन्हाळ म्हणून खपवायचे. या जातींचे रोप डिसेंबरात लावले की जानेवारीची थंडी त्याला सोसत नाही, गाठ पोसण्याऐवजी मधून फुलाचा दांडा, म्हणजे डोंगळा, वर येतो. काही जण तर डोंगळ्यांवरचेच बी झाडून विकतात. ते सर्वांत घातक, कारण डोंगळे येण्याचा गुण बियातून पुढे जातो.

18 आणि 19 डिसेंबरला लागवड केली. 20 फेब्रुवारीला पहिले डोंगळे दिसले, महिनाअखेर शेत पांढऱ्या गोंड्यांनी भरले. एक मीटर बाय एक मीटरची लाकडी चौकट करून दहा ठिकाणी मोजणी केली. सरासरी 62 रोपांत 27 डोंगळे. बांधापलीकडच्या शेतात त्याच आठवड्यात लावलेला घरच्या बियाचा कांदा, तेच पाणी, तीच थंडी, तिथे चौकटीत दोन-तीन. ही मोजणी तुम्हीही करा, मोबाइलवर तारखेसह फोटो काढा, शेजारच्या शेताचेही काढा. नाहीतर पुढे जे ऐकावे लागते त्याला उत्तर उरत नाही.

1 मार्चला तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार दिली. पहिला प्रश्न: "पक्के बिल आहे का?" बिल नाही म्हटल्यावर अर्जच परत सरकवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पोच घेतल्याशिवाय हललो नाही. तिथून पंचायत समितीत पाठवले, तिथून पुन्हा तालुक्याला. पोलीस ठाण्यात म्हणाले, हा तुमच्या आपसातला व्यवहार, फिर्याद कृषी खात्याने द्यायची. कृषी खाते म्हणाले, विक्रेता परवानाधारक नाही, म्हणून आमच्या कक्षेत नाही! विनापरवाना बी विकणे हाच तर गुन्हा आहे ना? जो परवाना घेऊन विकतो त्याला तपासणार, आणि जो परवान्याशिवाय फाट्यावर विकतो तो तुमच्या कक्षेबाहेर?

एका साहेबांनी बियाणे कायद्याचे कलम 24 ऐकवले. शेतकऱ्याने स्वतः पिकवलेले बी दुसऱ्या शेतकऱ्याला विकले तर कायदा लागत नाही म्हणे. मी ते कलम काढून वाचले. 1966 च्या कायद्यात ही सूट आहे, पण स्वतः पिकवलेले बी, स्वतःच्या जागेवरून, थेट पेरणाऱ्याला दिले तरच. डांबरी रस्त्यावर, लेबलच्या पाकिटातून विकलेल्या मालाला ती लागू नाही. हे मी, शेतकऱ्याने, त्यांना वाचून दाखवायचे का? "घरचे बी" हा शब्द ही माणसे उगाच वापरत नाहीत, त्याच सुटीच्या आडोशाला उभी राहतात, आणि कार्यालये त्यांना तो आडोसा धरू देतात.

तक्रार निवारण समिती 24 मार्चला शेतात आली, अर्जानंतर 23 दिवसांनी. कोरोनामुळे माणसे कमी आहेत, हे उत्तर. तोवर मी बरेच डोंगळे मोडून टाकले होते, कारण उभे ठेवले तर उरलेली गाठही पोकळ होते. मग म्हणाले, "डोंगळे कुठे आहेत?" फोटो दाखवले तर पाहिल्यासारखे केले. माझ्याकडे उरलेल्या दीडशे ग्रॅम सुट्या बियाची तपासणी झाली, उगवण 76 टक्के आली, आणि अहवालात लिहिले की बियाणे प्रमाणानुसार आहे, डोंगळ्यांबाबत हवामानाचा परिणाम नाकारता येत नाही. माझी तक्रार उगवणीची होती का? जात तपासायला लागवड चाचणी लागते, बी पेरून पूर्ण पीक पाहावे लागते. ती कोणी सुचवलीही नाही. बांधापलीकडच्या शेताला वेगळे हवामान होते का, याचे उत्तर अहवालात नाही. थंडी, जास्त वयाचे रोप, पाण्याचा ताण यांनीही डोंगळे येतात, हे मला मान्य आहे. पण माझे रोप 51-52 दिवसांचे होते, आणि थंडी दोन्ही शेतांवर सारखीच पडली.

हिशेब रुपयांत मांडतो. उळे 33,600, रोपवाटिका 2,900, मशागत 7,200, उक्ती लागवड 21,000, खते 17,450, तणनाशक-निंदणी 9,800, फवारण्या 11,300, काढणी 18,000. एकूण 1,21,250. दोन एकरांत चांगला म्हणता येईल असा कांदा 61 क्विंटल निघाला, तोही गडद लाल आणि जाड मानेचा. कांदा साठवायच्या चाळीत तो महिनाभरही टिकला नसता, म्हणून लगेच क्विंटलला 910 ने दिला, 55,510 आले. जोड, गोल्टी (बारीक कांदा) आणि डोंगळ्यांची खाद (खराब माल) 74 क्विंटल, 260 ने, 19,240. घरातून गेले 46,500, आणि चाळ रिकामी.

ज्यांना या हंगामात बाहेरून उळे घ्यावेच लागणार आहे त्यांनी एक करा. "घरचे आहे" म्हणणाऱ्याला सांगा, चाळ दाखव. खऱ्या उन्हाळ कांदेवाल्याच्या चाळीत ऑक्टोबरात थोडाफार कांदा असतोच. फिकट लाल, बारीक मानेचा, टिकलेला कांदा दिसला तर पुढे बोला. गोट कुठे लावले होते ते शेत दाखव म्हणा, शेजाऱ्याला विचारा. फाट्यावर, गाडीच्या डिकीतून, अंधारात घेऊ नका. दुकानातून घेतले तर जात, लॉट नंबर, मुदत आणि रक्कम बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. बियाणे नियंत्रण आदेश 1983 प्रमाणे दुकानदाराला बिल द्यावेच लागते. पूर्ण रक्कम फोनवरून द्या. माझ्याकडे आज पुरावा म्हणून 5,000 चा तेवढा व्यवहार आहे, 28,600 रोख दिले ते हवेत गेले. पाकीट वरून फाडू नका, खालच्या कडेने कापा म्हणजे लेबल आणि सील राहते, आणि मूठभर बी त्यातच ठेवा. मी पाकिटे वाफ्याच्या बांधावर जाळली.

लागवडीच्या वेळी दोन ओळी ओळखीच्या बियाच्या टाका, त्याच वाफ्यात. समितीला दाखवायला त्याहून चांगला पुरावा नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ता उरला आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. तयारी चालू आहे. ज्याने नंबर दिला तो आता म्हणतो, विकणाऱ्याशी आपली ओळखच नाही. त्या संध्याकाळी माझ्या मागे मोटारसायकलवर थांबलेले दोघे जण हे वाचत असतील आणि त्यांच्याकडे ते हिरवे लेबल अजून असेल, तर ते टाकू नका. मला कळवा.