रोकोको बघायचंय: आमालियनबुर्ग की वीसकिर्शे?

भाचीला म्युनिकमध्ये एकच दिवस मोकळा आहे आणि रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातली नाजूक, नटवी सजावटीची शैली, बघायची आहे. "मामा, महाल बघू की चर्च?"

आमालियनबुर्ग ही निम्फेनबुर्ग राजवाड्याच्या बागेतली बव्हेरियाच्या शासकाच्या पत्नीची शिकारकोठी (१७३४–३९). शहरातून ट्रामने जाता येतं, पण तिकीट लागतं आणि हिवाळ्यात बंद. मधली गोल आरसेखोली निळ्या-चंदेरी रंगात. भिंतीवरच्या चंदेरी वेली, पक्षी आरशांत दुणावतात, खोली संपतच नाही. आणखी एका खोलीत शिकारी कुत्र्यांसाठी भिंतीत कोनाडे! तेही नटवलेले.

वीसकिर्शे हे चर्च (१७४५–५४) आल्प्सच्या पायथ्याशी, कुरणात. प्रवेश फुकट, पण रेल्वे, मग बस. दिवस त्यातच जातो. बाहेरून साधंच. आत पांढरा उजेड, सोनेरी गिलावा आणि छतावर रंगवलेलं आकाश. गिलाव्याचं नक्षीकाम कुठं संपतं नि चित्र कुठं सुरू होतं, कळत नाही. प्रार्थना चालू असताना मात्र हिंडता येत नाही.

गंमत म्हणजे कोठीतला गिलावा योहान बाप्टिस्ट झिमरमानचा. चर्चही त्याच्याच भावानं बांधलं, छत यानं रंगवलं.

वेळ कमी, दरबारी थाट बघायचा, तर आमालियनबुर्ग. दिवस हाताशी असेल आणि हीच शैली गावकऱ्यांच्या श्रद्धेत कशी उतरली ते बघायचं असेल, तर वीसकिर्शे. भाचीला मी बसचं वेळापत्रक पाठवलंय.