विन्सर अँड न्यूटनचे जलरंग: पाडवा ते दिवाळी वापरून, आणि लेबलावरच्या बारीक अक्षरांबद्दल जरा जास्तच

विन्सर अँड न्यूटन ही मूळची लंडनची रंगांची कंपनी. तिची कॉटमन ही स्वस्तातली, शिकणाऱ्यांची रेंज, प्रोफेशनल ही महागडी, चित्रकारांची. पॅन (डबीतली वडी) बरा की ट्यूब बरी, यात मी जात नाही. मला लिहायचंय ते ट्यूबच्या पाठीवरच्या बारीक छापाबद्दल. नुसतं काय घ्यायचं एवढंच हवं असेल त्यांनी सरळ शेवटाकडे जावं.

निमित्त झालं एका फोनचं. सदाशिव पेठेतल्या एका काकूंना त्यांच्या पाडलेल्या वाड्याचं चित्र करून दिलं होतं. दिंडीदरवाजा, कौलं, वर बोगनवेल. वर्षाच्या आत काकूंचा फोन, "अगं, तुझी बोगनवेल वाळली की!" जाऊन पाहिलं तर खरंच. दगड जागेवर, लाकूड जागेवर, कौलांचा तांबडा जसाच्या तसा, फक्त फुलं गेलेली. गुलाबीच्या जागी मळकट तपकिरी डाग.

तो गुलाबी वेगळ्याच एका कंपनीचा. नाव घेत नाही, कारण आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. कस्टमर केअरला मी एकच विचारलं होतं: तुमच्या या 'क्रिमझन'मध्ये रंगद्रव्य कोणतं? उत्तर आलं, चित्र उन्हात लावू नका. उन्हात नव्हतं, भिंतीवर होतं. मग काच लावा. काच होतीच. शेवटी म्हणे, ही माहिती गोपनीय आहे. अहो, मी पैसे परत मागितले नव्हते, नाव मागितलं होतं!

त्याच तिरमिरीत अप्पा बळवंत चौकात गेले आणि विन्सर अँड न्यूटनच्या प्रोफेशनल रेंजमधला पर्मनंट रोझ घेतला, ५ मिली. करंगळीएवढी ट्यूब, आणि त्या पैशात दोघांची मिसळ होऊन वर ताक आलं असतं. पण पाठीवर स्वच्छ छापलंय: पीव्ही १९. हा रंगद्रव्याचा कोड. म्हणजे क्विनाक्रिडोन नावाचं कृत्रिम रंगद्रव्य, ड्यूपाँट या अमेरिकन कंपनीनं १९५८ साली बाजारात आणलेलं, मोटारींच्या रंगातही जातं. शेजारी टिकाऊपणाचा शेरा, पारदर्शक की अपारदर्शक ते सांगणारा चौकोन, आणि सीरिज नंबर. हा नंबर दर्जाचा नसतो, किमतीच्या गटाचा असतो; दुकानातला मुलगासुद्धा मला उलटं समजावत होता. वाचायला मला भिंग लागतं, पण तो दोष वयाचा.

ही एवढी माहिती कंपनी का छापते, याच्या मागे लागले आणि पावसाळा त्यातच गेला. विल्यम विन्सर आणि हेन्री न्यूटन यांनी १८३२ साली लंडनच्या रॅथबोन प्लेसमध्ये धंदा सुरू केला. त्याआधी जलरंग म्हणजे कडक वड्या. रीव्ह्ज बंधूंना त्यासाठी १७८१ साली सोसायटी ऑफ आर्ट्सनं चांदीचं पॅलेट बक्षीस दिलं होतं, तरी घासत बसणं काही सुटलं नव्हतं. विन्सर-न्यूटननी ग्लिसरीन घालून ओलसर वड्या काढल्या. तेलरंग तर तेव्हा डुकराच्या मूत्राशयात बांधून विकत. त्यावर तोड म्हणून विन्सरनं १८४० साली काचेच्या पिचकारीचं पेटंट घेतलं, आणि पुढच्याच वर्षी जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं कथलाची दाबायची ट्यूब आणून पिचकारी निकालात काढली. या मंडळींनी रुसून न बसता ट्यूब उचलली. आपल्या पुण्यात १७९०च्या दशकात जेम्स वेल्स या ब्रिटिश चित्रकाराच्या हाताखाली शिकलेला गंगाराम तांबट वेरूळची लेणी चितारत होता, तेव्हा ट्यूब यायला अजून अर्धं शतक होतं.

पण माझा जीव अडकलाय तो १८८८ सालात. जलरंगातली चित्रं संग्रहालयाच्या भिंतीवर फिकी पडतात की नाही, यावर लंडनमध्ये जाहीर भांडण जुंपलं होतं. सरकारनं रसेल आणि ॲबनी या दोघा शास्त्रज्ञांना कामाला लावलं. त्यांनी रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून महिनोन्महिने उजेडात ठेवल्या. काही साध्या हवेत, काही ओलसर हवेत, काही निर्वात. अहवाल १८८८ साली आला. बरेच रंग उडाले, पण हवा आणि ओलावा काढून घेतला तर बहुतेक टिकले. म्हणजे नुसत्या उन्हाला शिव्या देऊन भागत नाही. त्यानंतर १८९२ साली विन्सर अँड न्यूटननं आपल्या रंगांत काय आहे आणि ते किती टिकतात, हे छापून टाकलं. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी! आणि मला आज ईमेलवर 'गोपनीय'.

मीही पश्चिमेच्या खिडकीत पट्ट्या चिकटवल्या, अर्धी पट्टी काळ्या कार्डाखाली. पुण्याचं एप्रिल-मेचं ऊन आणि मागोमाग आषाढाची दमट हवा, म्हणजे रसेल-ॲबनीचा प्रयोग घरबसल्या फुकट. कार्ड काढलं तर गोपनीय क्रिमझनची उघडी बाजू जवळजवळ कागदाच्या रंगाची, सीमारेषा पट्टीनं आखल्यासारखी. पर्मनंट रोझच्या दोन बाजूंत मला फरक दिसेना. मुलीला दाखवलं, तिलाही दिसेना. काकूंची बोगनवेल त्याच ट्यूबमधून पुन्हा फुलवली.

विन्सरचंही सगळंच अमर नाही बरं का. त्यांच्याकडे अलिझरिन क्रिमझन मिळतो आणि पर्मनंट अलिझरिन क्रिमझनही मिळतो. दुसऱ्याच्या नावातच पहिल्याची कबुली आली. अलिझरिन (पीआर ८३) हे मंजिष्ठेच्या जातीच्या मुळातलं द्रव्य, १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान यांनी प्रयोगशाळेत बनवलेलं. दिसायला देखणं, उजेडाला कच्चं. वहीतल्या स्केचला चालेल, विकायच्या चित्राला नको.

श्रावणापर्यंत माझं मत होतं की सगळा संचच प्रोफेशनल करावा. गणपतीत किमतींची बेरीज केली आणि ते मत गेलं. कारण ते कोडच पाहा. बर्न्ट सिएना: पीआर १०१, म्हणजे लोहाचं ऑक्साइड, म्हणजे आपला गेरूच. पिवडीचंही तेच कुळ. हे रंग उन्हाला भीक घालत नाहीत. काकूंची कौलं उगाच नव्हती टिकली. त्यासाठी लंडनच्या नावाचे पैसे का मोजायचे? (आता कारखाना तर फ्रान्सला आहे.) मातीचे रंग मी पुन्हा कॅमलचे आणले. एलिमेंटरी-इंटरमीजिएट त्यावरच तर झाल्या. १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेली ही कंपनी २०११पासून जपानच्या कोकुयोकडे आहे, पण डबा उघडला की हात आपोआप शाळेतल्यासारखा चालतो.

तर आता असं: गुलाबी, जांभळे आणि तांबडे प्रोफेशनलचे, कोड वाचूनच. अल्ट्रामरीन कॉटमनचा, त्यातही प्रोफेशनलसारखं पीबी २९च आहे. गेरू-पिवडी कॅमलची. पॅलेटवर पिळलेला रंग पावसाळ्यात झाकून ठेवू नका, बुरशी धरते. पूर्ण वाळू द्या, मग झाका.

आणि ५ मिलीच्या मोहात पडू नका, मिलीमागे हिशोब केला तर १४ मिलीची स्वस्त पडते. संपली असं वाटलं की ट्यूबची शेपटी ब्लेडनं कापा, आतला रंग ब्रशच्या दांड्यानं रिकाम्या हाफ-पॅनमध्ये (वडीच्या छोट्या डबीत) खरवडा आणि गरज वाटली तर गोंदाच्या पाण्याचा एक थेंब टाका. माझा जवळजवळ अर्धा पॅन भरला. कापताना लेबलाची बाजू मात्र सोडा, कोड पुढच्या खरेदीला लागतो.