धने-गूळ खाताना दाढेची चांदी निघाली तेव्हा: सांगलीतल्या विश्रामबागच्या दातांच्या दवाखान्याचा अनुभव, चार तारे

धनत्रयोदशीला आमच्याकडे धने-गुळाचा नैवेद्य असतो. पूजा झाल्यावर आईने सगळ्यांच्या हातावर चिमूटभर प्रसाद ठेवला, मी तोंडात टाकला आणि दाढेखाली कट्ट वाजलं. खडा असेल म्हणून तळहातावर काढलं, तर गुळाला चिकटलेला काळपट धातूचा तुकडा. वरच्या डाव्या दाढेत पंधरा वर्षांपूर्वी भरलेली चांदी होती ती. जीभ लावली की मोठा खड्डा लागत होता आणि त्याची कड धारदार झाली होती.

तारीख १८ ऑक्टोबर २०२५, शनिवार, रात्रीचे आठ. पुढे रविवार, सोमवारी नरक चतुर्दशी, मंगळवारी लक्ष्मीपूजन, मग पाडवा आणि भाऊबीज. डॉक्टरही माणसंच आहेत, दिवाळी त्यांनाही आहे. इकडे माझ्या द्राक्षबागेची फळछाटणी होऊन चौदा दिवस झाले होते. डोळे फुटून पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, बाहेर आलेला, त्यात आभाळ भरून येत होतं. या दिवसांत डाऊनी या बुरशीरोगाची एक फवारणी चुकली तर पुढे घडच हाताला लागत नाही. आमच्या तासगाव भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मुलीच्या दातांना तारा याच दवाखान्यात लावल्या होत्या, म्हणून नंबर बायकोच्या फोनमध्ये होता. लावला. मॅडमनी स्वतः उचलला. मी एवढंच विचारलं, "मॅडम, चांदी पडलीय, किती दिवस थांबता येईल?"

हाच प्रश्न मी चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात विचारला होता, त्याचं आधी सांगतो. खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल झालं होतं, वर तात्पुरतं सिमेंट भरलेलं, कॅप नंतर बसवायची होती. डिसेंबरात ते सिमेंट निघालं. फोन केला, तर पलीकडून विचारलं, "दुखतंय का?" मी नाही म्हणालो. "मग सीझन झाल्यावर निवांत या." मला तेच हवं होतं, माल काढणीला आला होता. फेब्रुवारीत हुरडा खाताना ती दाढ उभी चिरली, थेट मुळापर्यंत. काढावी लागली. आजही त्या बाजूला मोकळी जागा आहे, भाकरी मी डावीकडूनच खातो, आणि आता चांदी निघाली ती याच डाव्या बाजूची. म्हणून त्या रात्री माझ्या पोटात गोळा आला होता.

मॅडमनी "दुखतंय का" विचारलं, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुढचा प्रश्न, या दाढेचं रूट कॅनल झालंय का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "बरं झालं. रूट कॅनल झालेल्या दाढेतली नस काढलेली असते, ती दुखून काही सांगू शकत नाही. तिच्यात तोंडातले जंतू शिरत राहतात, दाढ ठिसूळ होत जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. तसं असतं तर मी तुम्हाला सुट्टीतसुद्धा बोलावलं असतं." चार वर्षांपूर्वी हे एक वाक्य कुणी बोललं असतं, तर माझी दाढ आज तोंडात असती.

मग म्हणाल्या, आत्ता गार पाण्याचा एक घोट घ्या. घेतला, कळ आली. "आता बोलू नका, कळ जाईपर्यंत मनात मोजा." पाच-सहापर्यंत मोजलं आणि गेली. गार लागल्यावर येणारी कळ काही सेकंदांत जात असेल तर नस जिवंत आहे, नुसती वरचं आवरण गेल्यामुळे कुरकुरतेय, असं त्यांनी सांगितलं. तीच कळ मिनिटंमिनिटं रेंगाळली, काही न खाता ठणका लागला, रात्री झोपेतून उठवायला लागली, तर नसेला सूज आली असं धरायचं आणि सण बघायचा नाही. गालाला सूज, ताप, तोंड उघडायला त्रास, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन. आणि सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, गिळायला किंवा श्वास घ्यायला अडचण झाली, तर दाताच्या डॉक्टरची वाटच बघायची नाही, सरळ सिव्हिल गाठायचं.

व्हॉट्सॲपवर टॉर्च लावून काढलेला दाढेचा फोटो मागवला. तो बघून उत्तर दिलं: "शुक्रवारी चोवीस तारखेला दवाखाना उघडतोय, तोपर्यंत थांबायला हरकत नाही. बागेमुळे चार दिवस पुढे गेलात तरी चालेल. पण दोन आठवड्यांच्या पलीकडे मी हो म्हणणार नाही. बाजूची भिंत पातळ दिसतेय, ती तुटली तर काम वाढेल."

माझ्यासारख्या माणसाला हे उत्तर लाखमोलाचं आहे. शेतकरी दाताला घाबरून थांबत नाही, तो कामामुळे थांबतो. "लगेच या" म्हटलं तर तो जात नाही आणि "कधीही या" म्हटलं तर कधीच जात नाही. तारीख मिळाली की तो फवारणीचं वेळापत्रक त्या तारखेभोवती लावतो.

सहा दिवस कसे काढायचे तेही सांगितलं. दर वेळी खाल्ल्यावर कोमट मिठाच्या पाण्याने चूळ, दाढ मऊ ब्रशने हळू घासायचीच, घाबरून सोडायची नाही. फराळ उजवीकडून. मी म्हटलं उजवीकडे दाढ नाही, तर म्हणाल्या मग चकली आणि कडक लाडू या वर्षी राहू द्या, चिवडा भिजवून खा. गोड खायचं तर जेवणाबरोबर एकदाच, दिवसभर येता-जाता नको. आईने लवंगतेलाची बाटली काढून ठेवली होती. त्यावर त्यांनी सांगितलं, कापसावर एक थेंब घेऊन दाढेला टेकवा आणि काढून टाका, बोळा रात्रभर ठेवलात तर हिरडी भाजते. तेल लावलं असेल तर आल्यावर आठवणीने सांगा, कारण त्यातल्या युजेनॉलमुळे दाताच्या रंगाचं फिलिंग नीट घट्ट होत नाही. ॲस्पिरिनची गोळी कुटून दाढेत भरायची नाही, त्यानेही हिरडी जळते. आमच्या गावात ही सर्रास रीत आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय. आणि निघालेला तुकडा फेव्हिक्विकने बसवायचा नाही. हे करून आलेले लोक त्यांनी पाहिलेत म्हणे.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त त्रास झाला तो पहाटे ट्रॅक्टरवर. गार वारा तोंडात गेला की दाढेतून कपाळापर्यंत कळ जायची. मास्कवर उपरणं बांधून फवारणी केली. रात्री मात्र झोप लागत होती, आणि पाडव्याच्या दिवशी मॅडमचा मेसेज आला, "काका, ठणका नाही ना?" सणाच्या दिवशी त्यांनी आठवण ठेवली याचं घरात सगळ्यांना अप्रूप वाटलं.

शुक्रवारी साडेअकराची वेळ दिली होती. खुर्चीवर बसलो पावणेएकला. एक तारा इथे कापला आहे. सुट्टीनंतरची गर्दी समजू शकतो, पण काउंटरवरच्या ताईंनी "पाचच मिनिटं" असं तीनदा सांगण्याऐवजी "एक तास लागेल" म्हटलं असतं तर मी मार्केट यार्डात औषधं घेऊन आलो असतो. फोनवर किती थांबायचं हे इतकं नेमकं सांगणाऱ्या दवाखान्याने दारातल्या माणसालाही ते सांगावं. शिवाय दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझ्या आईला तिथे नेणं अवघड आहे.

आतलं काम मात्र बघण्यासारखं. आधी एक्सरे, तो लगेच समोरच्या पडद्यावर आला. चांदीच्या खाली कीड सरकलेली होती, म्हणजे चांदी गुळाने निघाली नव्हती, खालचा आधारच गेला होता. धने हे निमित्त. कीड नसेच्या जवळ होती, पण पोचली नव्हती. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवून मधली पातळ रेघ दाखवली. "आज रूट कॅनल करून कॅप घालू शकते, पण नस जिवंत असताना ती काढायची मला घाई नाही. किडका भाग काढून सिमेंट भरते, महिनाभर बघू. ठणका लागला तर रूट कॅनल, नाही लागला तर वरून पक्कं फिलिंग." रूट कॅनल आणि कॅपचे हजारो रुपये त्यांना तिथल्या तिथे मिळाले असते. मी घाबरलेलाच होतो, काहीही सांगितलं असतं तरी हो म्हटलं असतं.

भूल दिल्यावर काही दुखलं नाही. अर्ध्या तासात सिमेंट भरून झालं. हे ग्लास आयोनोमर, यातून फ्लोराइड झिरपत राहतं, असं त्यांनी भरता भरता सांगितलं. तासभर काही खायचं नाही, दिवसभर त्या बाजूने कडक चावायचं नाही. गालाची आणि ओठाची भूल उतरेपर्यंत चहासुद्धा नको, पोळला तरी कळत नाही.

निघालेला तुकडा मी कागदात बांधून नेला होता. तो परत बसवता येत नाही, पण कॅप निघाली असती तर पुष्कळदा तीच पुन्हा बसते, म्हणून काहीही निघालं तरी घेऊन यायचं, असं म्हणाल्या. तुकडा त्यांनी झाकणाच्या बरणीत टाकला. या चांदीत निम्मा पारा असतो, चुलीत किंवा कचरा पेटवताना त्यात टाकू नका, वाफ विषारी असते. पंधरा वर्षं तोंडात घेऊन फिरलो, हे पहिल्यांदाच कळलं.

महिनाभर ठणका लागला नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मण्यांच्या विरळणीच्या धामधुमीत, पुन्हा गेलो. या वेळी ताईंनी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की वीस मिनिटं उशीर होईल, आणि वीसच मिनिटं झाला. दाताच्या रंगाचं फिलिंग थराथराने भरून निळ्या उजेडाने घट्ट केलं, निळा कागद चावायला देऊन उंचवटे घासले. एक्सरेचे २००, सिमेंटचे ७००, पक्क्या फिलिंगचे १४००, प्रत्येक आकडा आधी सांगितलेला. पावती मागावी लागली नाही.

मी उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेचंही विचारलं. त्यांनी दात बसवायचे दोन पर्याय आणि खर्च कागदावर लिहून दिला आणि म्हणाल्या, यात घाई नाही, माल विकल्यावर ठरवा. मी मार्चअखेरची वेळ घेतली आहे, काढणी उरकल्यावर आणि खरड छाटणी सुरू व्हायच्या आत.