इंजिनाचा ठोका आधी ऐकून घेणारं गॅरेज (उद्यमनगर, कोल्हापूर)

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मी तबला शिकवतो. गाडी 2012 ची, छोटी, पेट्रोलवरची, तीन सिलिंडरची, 1 लाख 18 हजार किलोमीटर पळालेली. पांढरी म्हणून घरात तिला ढवळी म्हणतात. महिन्यातून दोनदा आंबा घाट उतरून रत्नागिरीला क्लास घ्यायला जातो. दिवाळीनंतर एकदा परत येताना साखरप्याला चहाला थांबलो, गाडी चालूच ठेवली होती, आणि बोनेटखालून ठक ठक ऐकू आलं. पोटात गोळा आला. इंजिनाच्या ठोक्याबद्दल लोक काय काय सांगतात ते ऐकून होतो.

कोल्हापुरात आल्यावर घराजवळच्या एका गॅरेजात नेली. नाव घेत नाही. तिथल्या माणसाने बोनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि जाहीर केलं, "बिग एंड बेअरिंग गेलं. हाफ इंजिन करावं लागणार. 38 हजार." म्हणजे पिस्टनचा रॉड जिथे क्रँकला, इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, जोडलेला असतो तिथलं बेअरिंग झिजलंय, अर्धं इंजिन खोलावं लागणार. हातात फोन तसाच होता. ऑइल मोजायची डिपस्टिकसुद्धा ओढून पाहिली नाही. शेजारी चहा पीत उभ्या असलेल्या एकाने लगेच पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर खापर फोडलं.

मग एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी उद्यमनगरातलं हे गॅरेज सांगितलं. लेथवाल्यांच्या रांगेत आहे, पाटीवरची अक्षरं पुसलेली, समोर एक म्हातारं कुत्रं. फोन केला तर मेस्त्री म्हणाले, "आदी ऑइल बगा सर. खालच्या रेघंच्या खाली असंल न्हाईतर लाल दिवा लागत असंल, तर चालवत आणू नका, टो करून आणा." ऑइल दोन रेघांच्या मध्ये होतं, दिवा लागत नव्हता. हळूहळू नेली.

त्यांनी बोनेटला हात लावला नाही. आधी प्रश्न. आवाज गाडी थंड असताना येतो का तापल्यावर? रेसबरोबर वाढतो, का चढावर ओढताना? मी म्हणालो, "मेस्त्री, मला यात डग्गा वेगळा ऐकू येतोय आणि तबला वेगळा. सकाळी बारीक टिक टिक असते, ती पाच मिनिटांत जाते. खालचा ठक मात्र राहतो. आणि तो लयीत नाही, मध्येच एखादा ठोका गळतो." मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "म्हंजे दोन आवाज हायत. गाडी रातीला हितंच ठेवा. थंड झाल्याबिगर पयला सापडायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी हजर. मेस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानापुढच्या हाडाला लावली. मग मलाही दिला. ("पट्ट्याकडं जाऊ नका, हात जाईल.") मंडळी, हा अनुभव एकदा घ्याच. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर टेकवलं की बारीक, सरळ, एकसारखी टिकटिक, एखाद्या तयार मुलाने वाजवलेल्या रेल्यासारखी. तो आवाज असायलाच हवा. टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांच्या, झाकणावर टेकवल्यावर काही वेगळं नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांपाशी, मात्र फुसफुसणारी टिक. टॉर्च मारून दाखवला, तर पॅकिंगच्या कडेला काजळीचा काळा ओघळ. पॅकिंग फुटलेलं. थंड असताना फटीतून धूर निसटतो म्हणून टिक टिक, लोखंड तापून फुगलं की फट मिटते. तबला सापडला.

डग्ग्यासाठी वेळ लागला, आणि पैसे वसूल झाले ते इथेच. गाडी पूर्ण तापू दिली. ऑइलच्या दिव्याचा सेन्सर काढून त्या जागी काट्याचा गेज बसवला. ऑइलचं प्रेशर आयडलला दीड किलो, रेस दिल्यावर साडेतीनच्या वर. बेअरिंग इतकं झिजलेलं असतं की ठोका बाहेर ऐकू यावा, तर प्रेशर सहसा असं टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. तरी तेवढ्यावर थांबले नाहीत. एकेका सिलिंडरच्या, ठिणगी देणाऱ्या कॉइलचं कनेक्शन काही सेकंद काढून पाहिलं. ज्या सिलिंडरचं बेअरिंग गेलेलं असेल त्याचा स्फोट बंद केला की ठोका मऊ पडतो. तिन्ही वेळा इंजिन लंगडलं, ठक जशाचा तसा. यात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कन्व्हर्टरमध्ये जातं, म्हणून काही सेकंदच. इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तो नंतर स्कॅनरने घालवून दिला.

मग बाहेरचे दोन्ही पट्टे उतरवले आणि गाडी चालू केली. ठक गायब! इतकं शांत की समोरच्या लेथचा आवाज ऐकू यायला लागला. पट्टा नसला की पाण्याचा पंप फिरत नाही, म्हणून अर्ध्या मिनिटात बंद केली. इंजिन निर्दोष सुटलं होतं, आवाज पट्ट्यावर चालणाऱ्या कशाचा तरी होता. एसीच्या कॉम्प्रेसरचा खालचा बोल्ट नव्हताच, वरचा ढिला. ब्रॅकेटचं भोक घासून अंड्यासारखं लांबट आणि चकचकीत झालेलं. मी सांगितलेला गळणारा ठोका तोच. रॉडचा ठोका क्रँकला बांधलेला असतो, तो असा मनाला येईल तेव्हा चुकत नाही. कॉम्प्रेसरचं काम मी मे महिन्यात भलतीकडेच करून घेतलं होतं, त्यामुळे बोल्ट कुठे राहिला असेल याचा अंदाज आला.

इथेनॉलचंही विचारून घेतलं. पेट्रोलमुळे होणारं नॉकिंग चढावर, वरच्या गिअरमध्ये गाडी ओढताना येतं, डब्यात खडे हलवल्यासारखं. उभ्या गाडीत ठक ठक करत नाही. शिवाय इथेनॉलने पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखायची ताकद, वाढतो. जुन्या गाडीचे रबरी पाइप मात्र बघत राहा, म्हणाले, आणि माझे बघितलेही.

आता तो अर्धा तारा. एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं. मॅनिफोल्ड धरून ठेवणारा एक स्टड काढताना इंजिनाच्या हेडमध्येच तुटला. जुन्या गाडीत हे होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या तीन दिवसांत फोन एकदाही उचलला नाही, आणि रत्नागिरीचा क्लास मला एसटीने गाठावा लागला, मांडीवर तबला आणि पायाशी डग्गा घेऊन. बसायला ऑइलचा रिकामा डबा. बिल कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिलं, छापील मागितल्यावर मिळालं. पॅकिंग, स्टड, बोल्ट, ब्रॅकेटचं भोक भरून पुन्हा पाडणं, एसीचा नवा पट्टा आणि मजुरी धरून 4,150 रुपये. कुठे 38 हजार!

जाणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळीच ठेवा आणि सकाळी पहिल्या स्टार्टला स्वतः उभे राहा. सोमवारी बंद असतं. कुत्रं चावत नाही.