पुंगळीपायी १६,१०० गेले

गाडी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, बीएस-६. तिला पुंगळी, म्हणजे बाहेरचा दणदणीत सायलेन्सर, लावायला गेलो. दुकानदार म्हणाला, ‘३०४ स्टील, डीबी किलर निघतो, ई-मार्क आहे, दोन बीएचपी वाढणार.’ म्हणजे सहसा न गंजणारं स्टील, आवाज दाबणारा तुकडा काढता येतो, युरोपच्या मान्यतेचा शिक्का आहे, इंजिनाची ताकद वाढणार. भाव १५,७००. कंपनीचा सायलेन्सर १,२०० ला वळता करून घेतला, उरले १४,५००. फिटिंग ६००. यूपीआय तिसऱ्याच माणसाच्या नावावर, बिल नाही. ‘जीएसटीत कशाला पडता, भाऊ?’ अडीच हजार वाचत असतील तर कोण नाही ऐकत?

चीड येते ती एका क्षणाची. माल हातात घेतला तेव्हाच आतून खुळखुळ आवाज आला. चांगल्या सायलेन्सरमध्ये भोकांची नळी दोन्ही टोकांना वेल्ड असते, भोवती आवाज शोषणारी काचेची लोकर, ग्लासवूल, गच्च. वाजायला सुटं काही नसतंच. ‘वूल बसायला शंभर किलोमीटर लागतात,’ म्हणाला. मी मान डोलावली! चुंबक मात्र लावून पाहिलं होतं, अगदीच खुळा नाही मी. चिकटलं नाही. पण चुंबक स्वस्तातल्या २०२ स्टीललाही चिकटत नाही. एका पावसात वेल्डच्या कडेला गंजाची तांबूस रेघ आली.

रिव्हेट ड्रिल करून मागची कॅप काढली. मूठभर जळकी वूल, नळी एका टोकाला सुटलेली, डीबी किलर म्हणजे वेल्डच्या एका टाक्यावर चिकटवलेली वाटी. दोन बीएचपी ही तर थापच. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर हवा-पेट्रोलचं मिश्रण सांभाळतो, पूर्ण थ्रॉटलला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोलच्या ठरलेल्या तक्त्यावरच (मॅप) चालतो. तो तक्ता बदलल्याशिवाय (रीमॅप) वाढणार काय? थ्रॉटल सोडला की फटाके वाजायचे, ते ‘रेसिंग साउंड’ नव्हे, सायलेन्सरचा जोड बाहेरची हवा आत ओढत होता. ई-मार्क धातूत कोरलेला असतो, वर्तुळात ई आणि देशाचा आकडा. इथे नुसता स्टिकर, आकडा गायब. आणि खरा असला तरी तो युरोपचा, नाकाबंदीत त्याला कोण विचारतं? १,००० चं चलन फाटलंच.

चौकीत गेलो तर, ‘सायलेन्सर तुमचाच बेकायदा, आधी तुमच्यावर कारवाई करू का?’ सायबरवाले म्हणे व्यवहार समोरासमोरचा, आमच्याकडे नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पहिला प्रश्न, बिल नंबर? जप्त पुंगळ्या रस्त्यावर मांडून रोलर फिरवायला, फोटो काढायला पोलिसांना वेळ आहे. विकणाऱ्याचं शटर मात्र सकाळी दहाला उघडं! मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिने लायसन्स जाऊ शकतं, तेही चालवणाऱ्याचंच.

बिलावर मॉडेल आणि स्टीलचा ग्रेड लिहून घ्या. कानाशी धरून हलवा. कंपनीचा सायलेन्सर मेलात तरी देऊ नका. माझा परत मागायला गेलो, तर माझ्याच हातून पडलेल्या ओरखड्यासकट तो दुकानात टांगलेला होता. भाव ३,५००.