जुन्या मारुती ८००साठी कॉन्सन्ट्रेट कूलंट : चार तारे

दुकानदार रेडी-मिक्सच, म्हणजे आधीच पाणी मिसळलेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), घ्या म्हणत होता. मी हट्टाने कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, आणलं. रेडिएटरचा ड्रेन कॉक उघडला तरी ब्लॉकमधलं आणि हीटरमधलं पाणी पूर्ण निघत नाही. फ्लश केल्यावर, म्हणजे पाण्याने आतून धुतल्यावर, आत साधं पाणीच उरतं, त्यात रेडी-मिक्स पडलं की पातळ. कॉन्सन्ट्रेटने ५०:५०चं प्रमाण आपल्याला राखता येतं. सोलापुरात बर्फाची भीती नाही हो, पण असं मिश्रण पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आणि गंज धरू देत नाही, आम्हाला तेच हवं. मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीलाही क्षार चढतात.

भरताना इंजिन पार थंड, हीटरचा खटका गरमवर. मग कॅप उघडी ठेवून पंखा लागेपर्यंत गाडी चालू ठेवली, बुडबुडे थांबल्यावर टॉप-अप केलं. आता तापमानाचा काटा मध्याच्या वर जात नाही.

एक तारा कापला तो लेबलसाठी. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं, सांडलेलं कुत्री-मांजरं चाटतात आणि जीव जातो. ही सूचना मुंगीएवढ्या अक्षरांत कशाला? शिवाय कॅनला नरसाळं नाही, म्हणजे सांडणार हे ठरलेलंच.